रॉडले हात लावायचा नाही

माझ्या सुनेचं नाव जयवंता. नाव ऐकलं की प्रतापनगरातल्या नव्या बाया म्हणतात, "जुनं नाव आहे ना." असू दे जुनं. त्या जुन्या नावाच्या बाईनं देवगडकडच्या खाडीत कंबरभर पाण्यात उभं राहून, रबराच्या मासोळीवर जो मासा काढला, तो पाहायले तिथली समुद्रकाठची माणसं घरातून बाहेर आली. ज्यांचा जन्म मासे खाण्यात गेला अशी माणसं, बाप्पा! आणि आम्ही कुठले? नागपूरचे. आमच्याकडे समुद्र फक्त कॅलेंडरवर पाहाले भेटते. मी तिथं होती, तिच्या अगदी मागं, म्हणून मी सांगून राहिली. दुर्गेशही सांगते, म्हणजे माझा पोरगा, तिचा नवरा. पण तो दरवेळी मासा थोडा थोडा वाढवते. मी नाही वाढवत. मले गरजच नाही.

जयवंता भंडाऱ्याकडची. धानाचा मुलूख. गावाले लागून मालगुजारी तलाव आणि तलावाच्या पाळीवर तिचं सारं लहानपण गेलं. तिचे बाबा रुपराव, शेतकरी माणूस, धानाची रोवणी आटोपली की बांबूची काडी घेऊन पाळीवर बसायचे आणि ही पोट्टी त्यांच्या शेजारी. भाऊही होते तिले, पण त्यांचं बूड कुठं ठरते! मासा लागायले वेळ लागते. हिचं ठरायचं.

रुपरावांचा एकच कायदा होता. ज्याच्या काडीले मासा लागला, त्यानंच तो ओढायचा. दुसऱ्यानं काडीले बोट जरी लावलं, तरी मासा त्याचा नाही. खायचा खुशाल, पण "मी पकडला" असं म्हणायचं नाही. काठावर आल्यावर कोणी जाळी लावली तर चालते, काडीले हात नाही. एकदा जयवंताच्या काडीले ही मोठी मरळ लागली. पोरगी फ्रॉकमधली, मरळ तिले ओढत पाळीवरून खाली घेऊन चालली. पोरगी रडून राहिली, बाबा, धरा ना! तरी रुपरावांनी काडी नाही धरली. त्यांनी पोरीचा फ्रॉक धरला आणि मासा बाहेर येईपर्यंत तसेच उभे राहिले. लग्नानंतर जयवंतानं मले हे कौतुकानं सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "कसला वं तुझा बाप! पोरगी बुडून राहिली आणि याले कायदा सुचून राहिला!" ती नुसती हसली.

माझं सांगायचं तर मी इंदूबाई. आमचे मालक होते तेव्हा कळमन्याले संत्र्याच्या अडतीवर बसायचे आणि मी डबा घेऊन जायची. माझा आवाज त्या बाजारात घडलेला आहे. घरात मी हळू बोलली की लोकं विचारतात, तब्येत बरी नाही का. आणि दुसऱ्याचं काम हळूहळू होताना मले पाहावत नाही. कोणी कांदा चिरून राहिला असेल आणि सुरी अडखळली, की मी सुरी काढूनच घेते. हा माझा स्वभाव आहे, मी काही तो आता बदलणार नाही.

जयवंता ब्लाउज शिवते. अर्ध्या प्रतापनगराचे ब्लाउज तिच्याकडे. आठवडाभर मशीन आणि रविवारी सकाळी तलाव. दुर्गेश तिले गाडीवर घेऊन जाते आणि तिथं झाडाखाली बसून मोबाइल पाहते. आधी बांबूची काडी होती, मग रीळवाला रॉड आला. मी कुरकुर केली. सून गळ टाकून बसते हे लोकांना काय सांगायचं? आणि घरात गांडुळांचा डबा! फ्रिजजवळ ठेवायची ती. मग तिनं गांडुळं सोडली आणि ते रबराचं सुरू केलं, तेव्हा मी पहिल्यांदा या धंद्याले चांगलं म्हटलं.

ती रबराची मासोळी बोटाएवढी असते, मऊ, लिबलिबीत. तोंडाशी शिशाचा मणी, पोटातून गळ बाहेर आलेला आणि मागं पातळ शेपटी. लांब फेकायची, तळाले टेकू द्यायची, मग रॉडच्या टोकानं उचल दे, सोड, उचल दे, सोड, असं करत ओढायची. शेपटी अशी हलते की मोठा मासा समजते, आलं जेवण. जुन्या फाटक्या मासोळ्या ती फेकत नाही. वितळवून, प्लास्टरच्या साच्यात ओतून नव्या करते. एकदा मी दुपारची झोपून उठली तर घरभर घाण वास, आणि ही बाई माझ्या फोडणीच्या पळीत रबर वितळवून राहिली! मी असा आवाज काढला की खालच्या मजल्यावरची रितिका धावत वर आली. "घे," मी जयवंताले म्हटलं, "ती पळी आता तूच घे. माझ्या वरणात रबराची फोडणी नको." त्या पळीतून जी पहिली मासोळी निघाली ती अशी भगवी, वाकडी, एका डोळ्यानं आंधळी. जयवंतानं ती जपून ठेवली. म्हणे, आईंच्या पळीची आहे.

मागच्या दिवाळीच्या आधी, ऐन शिलाईच्या गर्दीत, ती मनीषनगरले ब्लाउज पोचवायले चालली होती. वळणावर रेती सांडलेली होती, गाडी घसरली आणि उजवं मनगट चुरलं. ऑपरेशन झालं, हाडाले धातूची पट्टी बसवली, प्लास्टर निघालं, जखम भरली. पण मूठ काही परत आली नाही. बोटं अर्धी मिटायची आणि तिथंच थांबायची. चहाचा कप धरला की थरथरायचा. कात्री तर उचललीच जात नव्हती. व्यायामासाठी मऊ चेंडू दिला होता, तो दाबता दाबता ती खिडकीबाहेर पाहत बसायची. एक दिवस तिनं आपल्याच हातानं मशीनवर कव्हर घातलं.

मग मी आहे ना! मी म्हटलं, राहू दे, मी करते. तिची वेणी मी घातली. भाजी मी चिरली, ताट मी वाढलं, पोळीचे तुकडे करून दिले. कप तिनं उचलला की मी हातातून घ्यायची. येणारेजाणारे म्हणायचे, सासू असावी तर अशी. मले बरं वाटायचं, खोटं काहून बोलू? आणि जयवंता गप्प होत गेली. आधी बोलायची तितकं नाही, मग हो-नाही, मग नुसती मान.

माझी नात भूमिका बारावीत आहे, जिभेनं माझ्यावर गेलेली. ती एक दिवस म्हणाली, "आजी, तू आईले काही करूच देत नाहीस. ती बरी कशी होईल?"

"तू गप बस पोट्टे," मी म्हटलं, "तुले काय कळते? कप फुटला तर हात कापंल तिचा!"

मी आजही म्हणते, तेव्हा आराम पाहिजेच होता. पण पोट्टीचं बोलणं कानात राहिलं.

खाऱ्या पाण्यात उभं राहून मासा धरायचा, ही जयवंताची लय जुनी हौस. मोबाइलवर पाहायची, लोकं खाडीत मांडीभर पाण्यात उभी आहेत, रबराची मासोळी फेकून राहिली आहेत. "आपल्या तलावात काठावरूनच होते, आई," ती म्हणायची, "हे तर माशाच्या घरात जाऊन उभं राहणं झालं." दुर्गेशनं उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी खाडीकाठची खोली अपघाताच्या आधीच ठरवून ठेवली होती. आता जायचे दिवस आले तर ही म्हणते, "तुम्ही सगळे समुद्र पाहा, मी सोबत बसीन." कपडे भरले, औषधं भरली, रॉड मात्र माळ्यावरच राहू दिला. मले असा राग आला! इतक्या दूर जायचं आणि ही तोंड पाडून रेतीत बसणार? मी स्टूल घेतला, माळ्यावरून रॉड काढला, जोड सोडवून, दोन भाग करून माझ्या लुगड्यात गुंडाळला आणि संत्राबर्फीच्या रिकाम्या प्लास्टिकच्या डब्यात तिच्या साऱ्या मासोळ्या भरल्या. कोणाले सांगितलं नाही.

तिथं दत्ताराम नावाच्या माणसाकडे आम्ही उतरलो. पन्नाशीचा, काटक, घराच्या मागंच खाडी, स्वतःची होडी. पिशवी उघडून मी लुगडं झटकलं तसा रॉड जमिनीवर पडला. जयवंता पाहतच राहिली.

"काहून आणला, आई?"

"घरी त्याचं मन लागत नव्हतं," मी म्हटलं आणि चहाले निघून गेली.

थोड्या वेळानं पाहते तर ही अंगणात बसून रिळाचं हँडल काढून राहिली. आधी रॉड उजव्या हातात आणि हँडल डाव्या बाजूले असायचं. तिनं ते उलटं बसवलं. म्हणजे धरायचं काम डाव्या हाताले, फिरवायचं उजव्याले. पण हँडलची गोटी बारीक, अर्धी मूठ तिच्यावरून सटकायची. मग तिनं आपल्या शिवणाच्या पिशवीतून ब्लाउजच्या अस्तराची पट्टी काढली, दातानं फाडली आणि त्या गोटीवर गुंडाळून गुंडाळून लिंबाएवढी केली. मी पदराआडून पाहून राहिली होती. गाठ मारायले तिले वेळ लागत होता. माझे हात शिवशिवत होते, पण भूमिकानं माझा पदर धरून ठेवला होता.

डाव्या हातानं फेकायचा सराव अंगणातच झाला. गळ काढून, नुसता शिशाचा मणी. पहिला मणी तिच्या पायाशी पडला. दुसरा दत्तारामच्या कौलांवर गेला. मग एक सरळ नारळाच्या झाडात जाऊन अडकला, आणि दत्ताराम वर पाहत म्हणाला, "वयनी, नारळ व्हये तर सांगा, मी काढून देतंय." जयवंता हसली. खळखळून हसली हो! किती महिन्यांनी ते हसणं ऐकलं. मी त्या नारळाच्या झाडाले मनातल्या मनात हात जोडले.

दुसऱ्या दिवशी आम्ही उजाडताच खाडीवर हजर. तलावावर असंच जातात ना, सूर्य उगवताना. जाऊन पाहतो तर पाणीच नाही! जिथं काल खाडी होती तिथं चिखल आणि त्यात खेकडे पळून राहिले. दुर्गेश म्हणते, "पाणी सोडलं वाटते धरणातून." दत्ताराम पोट धरून हसला. मग त्यानं नीट सांगितलं की इथं सूर्य पाहून नाही, पाणी पाहून यायचं. भरती चढायले लागली की मोठा मासा समुद्रातून खाडीत शिरते, तेव्हा उभं राहायचं. आणि पाण्यात चालताना एक ध्यानात ठेवायचं. "पाय उचलू नकात. घसटत चला. रेवेत पाकट बसलेलो आसता." पाकट म्हणजे थाळ्यासारखा चपटा मासा, शेपटीले काटा. पाय वरून पडला तर मारते, घासत गेला तर आपला बाजूले होते.

हे ऐकून दुर्गेश काठावरच बसला. जयवंता मात्र पाण्यात अशी चालली की दत्तारामनं भुवया वर केल्या. "वयनी, आधी खंय शिकलात?"

"धानाच्या बांधीत," ती म्हणाली. रोवणीत बाया गुडघाभर चिखलात पाय असाच ओढतात, उचलत नाहीत. तिच्या पायांनी सगळं लहानपणीच शिकून ठेवलं होतं.

पण मासा लागायले तयार नाही. रोज भरतीले ती जायची, फेकायची, ओढायची. एकदोनदा झटका बसला, पण ओढताना उजव्या हाताची बोटं हँडलवरून सुटली, दोरा सैल पडला, मासा गेला. ती रोज परत आली की हात पदराखाली घ्यायची. मी तेल लावायले बसली तर म्हणायची, राहू द्या आई.

निघायच्या आदल्या सकाळी चहा पिताना ती दुर्गेशले म्हणाली, अगदी साधं बोलावं तसं, "आज शेवटची भरती. आज नाही जमलं तर हा रॉड केयूरले देऊन टाकू." केयूर म्हणजे तिच्या भावाचा पोरगा. "आणि नागपूरले गेल्यावर मशीनही काढून टाका. खोलीत जागा तरी होईल."

रॉड दे कोणाले, माझं काही जात नाही. पण मशीन? लग्नानंतर पहिल्या वर्षी घेतलेली मशीन ती, तिच्या आवाजावर मी दुपारी झोपते. ती गेली तर ही बाई दिवसभर त्या खिडकीत बसणार, आणि मी तिच्या हातातून कप काढून घेत राहणार, मरेपर्यंत. हे मले एकदम समोर दिसलं. मी चहा तसाच ठेवला.

"मी येते आज पाण्यात," मी म्हटलं.

"तू?" दुर्गेश ओरडला. "आई, तुले पोहता येत नाही!"

"तिले तरी कुठं येते? जाळी कोण लावणार, तू? पाकटाले घाबरून काठावर बसतोस!"

दत्तारामची दांड्याची जाळी मी खांद्याले अडकवली, लुगडं वर खोचलं आणि सुनेच्या मागं पाण्यात उतरली. आमचं मूळ गाव काटोलकडचं, कापसाचं आणि संत्र्याचं. चिखलात चालायचं मले काय माहीत! जयवंता पुढून सांगत गेली, "पाय ओढा आई, उचलू नका, ओढा." पायाखाली रेती थंड, मऊ, आणि पाणी एवढं खारट की ओठ चुरचुरले. खाडीच्या मधोमध रेतीचा उंचवटा होता, कोरडा. आम्ही दोघींनी काय करावं? चपला, पाण्याची बाटली आणि मासोळ्यांचा बर्फीचा डबा, सारं त्या उंचवट्यावर नीट मांडून ठेवलं. शेतात बांधावर ठेवतात तसं. बांध कुठं जाते? संध्याकाळी परत आलं की डबा तिथंच असते.

तिनं दुसरी मासोळी लावली होती, पण डबा ठेवताना बदलली. ती भगवी, वाकडी, माझ्या पळीतली लावली. मी विचारलं, "हीच काहून?" ती म्हणाली, "पाणी गढूळ आहे, ही दिसंल." मग ती फेकायले लागली. उचल, सोड. उचल, सोड. पाणी गुडघ्यावरून मांडीवर कधी आलं, कळलं नाही. तेवढ्यात काठावरून भूमिका किंचाळली, "आजी, डबा!"

मागं वळून पाहते तर रेतीचा उंचवटा गायब! भरती त्याच्यावरून चढून गेली होती. माझी एक चप्पल पुढं, एक मागं, आणि संत्राबर्फीचा डबा साऱ्या मासोळ्या घेऊन झोकात आत चालला होता. अवं माय! आम्ही बांध समजलो आणि बांधच बुडाला. दुर्गेश काठावरून धावला, पण पाण्यात शिरायची हिंमत नाही. डबा वळणामागं गेला.

मले वाटलं आता ही रडंल. तिनं डब्याकडे पाहिलं, मग रॉडच्या टोकाले लोंबणाऱ्या त्या वाकड्या मासोळीकडे पाहिलं. "एक पुरते," म्हणाली. आणि परत फेकली.

तीच फेक. मासोळी पडली, तळाले टेकली, तिनं उचल दिली आणि रॉडच जागच्या जागी वाकला. समोर पाणी फुटलं. हा एवढा जबडा वर आला, चांदीसारखा, त्यानं डोकं झटकलं आणि परत आत गेला. रिळातून दोरा कर्रर्र करत सुटायले लागला. काठावरून दत्ताराम ओरडला, "चोणक! वयनी, चोणक हा! झाडीत जावक देऊ नको!" पलीकडे खारफुटीची मुळं होती. तिथं मासा घुसला की दोरा तुटते आणि सगळं संपते.

जयवंतानं डाव्या हातानं रॉड छातीशी दाबला आणि उजवा हात त्या अस्तराच्या गोटीवर ठेवला. फिरवलं. बोटं सुटली. परत ठेवली, फिरवलं, परत सुटली. मासा मुळांकडे ओढून राहिला आणि ती त्याच्याबरोबर एक एक पाऊल खोल पाण्यात चालली. पाणी कंबरेले लागलं. तिच्या तोंडातून आवाज निघत होता, रडण्यासारखा. मी खांद्यावरची जाळी मनगटात अडकवली आणि हात पुढं केला, रॉड धरायले. एवढीशी गोष्ट होती, दोन हात लागले असते तर मासा जाग्यावर थांबला असता.

"हात लावू नका!"

अशी ओरडली! मले! लग्न होऊन आली तेव्हापासून या बाईनं माझ्यावर आवाज चढवला नव्हता. माझा हात हवेतच राहिला.

"आई, रॉडले हात लावू नका. माझा आहे तो. मी काढते."

मी रागानं लाल झाली, भीतीनं पांढरी झाली, काय झाली देव जाणे. ती घसरून राहिली होती. खाली रेती सुटत होती. आणि एकदम मले रुपराव आठवले, पाळीवर पोरीचा फ्रॉक धरून उभे राहिलेले. मी पाय ओढत ओढत तिच्या मागं गेली आणि तिच्या कंबरेले दोन्ही हातांनी मिठी मारली. रॉडले नाही, सुनेले धरलं. टाचा रेतीत रुतवल्या. "ओढ," मी म्हटलं, "मी धरलं तुले. ओढ, जयवंता!"

तिनं बोटांचा नाद सोडला. तळहातानंच गोटी ढकलायले लागली, ढकल, थांब, ढकल, थांब. मी तिच्या पाठीले गाल लावून उभी. तिच्या खांद्याचा एकेक झटका माझ्या अंगातून जात होता. मासा एकदा पूर्ण पाण्याबाहेर उडाला, मी डोळे मिटले, आणि कळमन्याच्या बाजारात जेवढ्या शिव्या ऐकल्या होत्या तेवढ्या साऱ्या त्याले दिल्या. काठावर माणसं जमायले लागली होती. ती काय म्हणत होती ते ऐकू येत नव्हतं, मी फक्त रिळाचा आवाज ऐकून राहिली. आधी कर्रर्र जास्त होतं. मग कमी झालं. मग उलटं, टक टक टक, दोरा आत येऊन राहिला.

"आता जाळी, आई," ती म्हणाली. दम लागला होता तिले.

जाळी लावायले हरकत नाही, कायद्यात बसते! मी जाळी पुढं केली. डोकं आत गेलं, धड आत गेलं, शेपटी बाहेर. मी शेपटीसकट जाळी पोटाशी कवटाळली आणि तशीच पाय ओढत काठावर निघाली. लुगडं भिजलं, केस सुटले, एका पायाले शिंपला लागून रक्त आलं. काय फरक पडते!

काठावर सारे पाहून राहिले. दत्तारामनं जबड्यातून मासोळी काढली, उलटीसुलटी केली. भगवी, वाकडी, आता शेपटीही अर्धी. "ह्या खंयसून आणलास?"

"फोडणीच्या पळीतून," मी सांगितलं. त्याले काही कळलं नाही. मी समजावतही बसली नाही.

दुर्गेश फोटोसाठी मासा उचलून द्यायले पुढं झाला. मासा जड होता. मी त्याले कोपरानं मागं सारलं. जयवंतानं डावा हात जबड्यात घातला, उजवा पोटाखाली लावला आणि उचलला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दात दिसत होते. तो फोटो आमच्या बैठकीत लागला आहे. त्यात बाजूले माझा अर्धा ओला खांदा आला आहे, तो काढून टाकायचा नाही असं मी फोटोवाल्याले बजावून सांगितलं होतं.

चोणकाचं कालवण दत्तारामच्या बायकोनं केलं, नारळाचं. मी सोबत नेलेला आपला तिखट मसाला त्यात घातला तेव्हा तिनं आधी तोंड वाकडं केलं, मग दोनदा वाढून घेतलं.

नागपूरले आल्यावर जयवंतानं सामान लावायच्या आधी मशीनवरचं कव्हर काढलं. हँडलच्या गोटीवर केलं तसंच कात्रीच्या मुठीवर अस्तर गुंडाळलं. खालची रितिका ब्लाउजपीस घेऊन आली होती, पाहून राहिली. जयवंता सुईत दोरा ओवून राहिली होती. एकदा चुकला, दुसऱ्यांदा चुकला, तिसऱ्यांदा दोऱ्याचं टोकच फुटलं. रितिका बिचारी चांगल्या मनाची, तिनं हात पुढं केला. "द्या काकू, मी ओवून देते."

"हात लावू नको," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं.

रितिका दचकली. जयवंतानं वर पाहिलं नाही, पण ओठाच्या कोपऱ्यात हसली. मी आणि रितिका बसून राहिलो. दोरा ओवला गेला.

पहिला ब्लाउज तिनं माझाच शिवला. एक बाही जरा वाकडी झाली आहे, खोटं सांगत नाही. ती उसवून देते म्हणत होती, मी नाही दिला. भाच्याच्या लग्नात तोच घातला, वर चांगली पैठणी नेसून. हॉलमध्ये बायांनी पाहिलं, एकमेकींना कोपरं मारली, आणि एकीनं हळूच विचारलंच, "इंदूबाई, बाही काहून अशी?"

"माझ्या सुनेनं शिवला," मी सांगितलं, मागच्या ओळीले ऐकू जाईल असं. "एकटीनं."